जुनं मीटर, नवा दर : घरचं वीजमीटर बदलताना काय समजून घ्यावं?

आजचा विषय तुमच्या-आमच्या दाराजवळच्या भिंतीवर टांगलेला आहे. वीजमीटर. एरवी आपण त्याच्याकडे बघतच नाही. बिल जास्त आलं, की मगच त्याच्याकडे संशयाने पाहतो. सध्या मात्र गावोगावी, सोसायट्यांमध्ये एकच चर्चा चालू आहे. मीटर बदलायला माणूस आला तर हो म्हणायचं की नाही? नवं मीटर लावलं की स्वस्त दर मिळतो म्हणतात, ते खरं का? की उलट बिल वाढतं?

आज आपण दोन्ही बाजू बघू. आम्हाला कुणाला नवं मीटर विकायचं नाही आणि कुणाला घाबरवायचंही नाही. मीटर काय मोजतं, दर कशावरून ठरतो आणि आपल्या घराला त्यातून नेमके किती रुपये मिळतात, एवढा हिशोब मांडायचा आहे. उदाहरण महावितरणचं घेऊ. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचे ग्राहक असाल, तर तत्त्व तेच, पण दराचे आकडे तुमच्या कंपनीचे बघावे लागतील.

जुन्या मीटरला काय कळत नाही?

चकतीचं मीटर आठवतंय ना? काचेच्या आत अॅल्युमिनियमची चकती गरगर फिरायची. तिच्या एका बाजूला व्होल्टेजचं वेटोळं, दुसऱ्या बाजूला करंटचं. दोन्हींच्या चुंबकीय क्षेत्रामुळे चकती फिरते. जितकी वीज जास्त, तितका वेग जास्त. चकतीच्या दांड्याला गिअर जोडलेले, त्यावर आकडे पुढे सरकतात. या जातीच्या मीटरचं पेटंट हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी यांनी 1889 साली घेतलं. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ जगाने याच कल्पनेवर बिलं भरली.

नंतर इलेक्ट्रॉनिक मीटर आली. चकती गेली, लाल दिवा लुकलुकायला लागला. पण एक गोष्ट बदलली नाही. यातल्या साध्या मीटरला एकूण किती वीज वापरली हे कळतं, पण कधी वापरली हे कळत नाही. महिन्याच्या शेवटी आकडा येतो, मागच्या महिन्याचा आकडा वजा करायचा, झाले युनिट. तुम्ही दुपारी बारा वाजता इस्त्री केली काय आणि रात्री आठला केली काय, मीटरच्या लेखी दोन्ही सारखंच.

आता विजेच्या बाजारात मात्र या दोन्ही गोष्टी अजिबात सारख्या नाहीत.

वेळेनुसार वीज स्वस्त-महाग का होते?

वीज ही धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. साठवता येते, पण खर्चिक पडते. त्यामुळे ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी निर्मिती, हा नियम. आपल्या देशात ग्रिडचं वेळापत्रक 15-15 मिनिटांच्या तुकड्यांत आखलं जातं. दिवसाचे 96 तुकडे. प्रत्येक तुकड्यासाठी कोणत्या केंद्रातून किती वीज घ्यायची, हे ठरवावं लागतं.

गेल्या दहा वर्षांत यात मोठा फरक पडला तो सौर विजेमुळे. सकाळी नऊनंतर सौर पार्क तापायला लागतात, दुपारी भरपूर वीज येते आणि तिला कोळसा लागत नाही. सूर्य मावळला की ती वीज जाते. नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, एसी, मिक्सर सगळं एकदम चालू होतं. मग कोळशाची केंद्रं जोरात चालवायची, बाहेरून महाग वीज घ्यायची किंवा कोयनेचं पाणी सोडायचं. कोयनेची केंद्रं मिळून सुमारे 1960 मेगावॉट क्षमता आहे, पण पाणी मोजकंच. म्हणून ते ऐन गरजेच्या वेळेसाठी राखून वापरावं लागतं. घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. तिथे वीज मुबलक असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवतात आणि टंचाईच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज करतात. चढवताना जेवढी वीज जाते, त्याहून कमी परत मिळते. तरीही ते परवडतं, कारण संध्याकाळचं युनिट तितकं महाग असतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं वीज कंपनीचं दुखणं, आमचा काय संबंध? संबंध असा, की तुमची इस्त्री संध्याकाळी सातऐवजी दुपारी दोनला झाली, तर तेच काम होतं जे घाटघरचा पंप करतो, आणि तेही फुकटात. त्याचा थोडा मोबदला तुम्हाला द्यावा, ही वेळेनुसार दराची कल्पना. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला टीओडी म्हणतात. पण मोबदला द्यायचा तर तुम्ही दुपारी इस्त्री केली याचा पुरावा हवा. जुनं मीटर तो देऊ शकत नाही. नवं मीटर पंधरा मिनिटं किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी वापराची नोंद ठेवतं. मीटर बदलण्याचा आणि स्वस्त दराचा संबंध एवढाच आहे. नव्या मीटरमुळे वीज स्वस्त होत नाही. नवं मीटर फक्त वेळेची साक्ष देतं.

ही कल्पना काही नवी नाही. ब्रिटनमध्ये 1978 पासून 'इकॉनॉमी सेव्हन' नावाचा दर आहे, रात्रीचे सात तास स्वस्त. तिकडे रात्र स्वस्त, कारण कोळशाची आणि अणुवीज केंद्रं रात्री बंद करणं सोयीचं नव्हतं. लोक रात्री विटांचे हीटर तापवून ठेवत आणि दिवसा त्यांची ऊब घेत. तिथल्या लाखो घरांत तर रेडिओवर चालणारी मीटर होती. बीबीसीच्या 198 किलोहर्ट्झच्या दीर्घलहरी प्रक्षेपणातून एक संकेत यायचा आणि तो ऐकून मीटर स्वस्त दरावर जायचं. ती यंत्रणा जुनी झाली. 30 जून 2025 पासून ती टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली आणि त्या घरांना मीटर बदलणं भाग पडलं. तिकडे स्थायिक असलेल्या मराठी मंडळींपैकी काहींना हे घरात अनुभवायला मिळालं असेल. आपल्याकडे गणित उलटं. इथे सूर्य भरपूर, म्हणून दिवस स्वस्त.

नियम काय सांगतो आणि बिलात काय मिळतं?

केंद्र सरकारने जून 2023 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. शेती सोडून बाकी ग्राहकांना 1 एप्रिल 2025 पासून वेळेनुसार दर द्यावेत आणि स्मार्ट मीटर बसल्यावर ते लगेच लागू व्हावेत, असं त्यात म्हटलं आहे. पुढे महावितरणने 1 जुलै 2025 पासून स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांची सवलत सुरू केली. ती पुढच्या काही वर्षांत 1 रुपयापर्यंत जाणार, असं जाहीर झालं. दर आयोगाच्या आदेशाने बदलत असतात, म्हणून चालू महिन्याचा आकडा आपल्या बिलावरच बघावा. आपण हिशोबासाठी 80 पैसे धरू.

आता वही-पेन्सिल घ्या.

घर पहिलं. आजी-आजोबा दिवसभर घरी. महिन्याला 250 युनिट. पंखे, फ्रिज, टीव्ही, दुपारचा स्वयंपाक मिळून समजा 90 युनिट नऊ ते पाचमध्ये जातात. 90 गुणिले 80 पैसे म्हणजे 72 रुपये. काहीही न बदलता. त्यांनी वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटार असे आणखी 20 युनिट दुपारी आणले, तर आणखी 16 रुपये. एकूण 88.

घर दुसरं. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं शाळेत. युनिट तेवढेच, 250. पण सोमवार ते शनिवार दिवसा चालू असतो तो फक्त फ्रिज. फ्रिज दिवसाला साधारण एक युनिट घेतो असं धरलं, तर आठ तासांत त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे महिन्याला 10 युनिट आणि सवलत 8 रुपये. त्यात रविवारचा वापर धरून फार तर 45 युनिट होतील. म्हणजे 36 रुपये.

बघा, दोन्ही घरांचे युनिट सारखे, दर सारखा, मीटर सारखं. सवलत मात्र दुपटीहून जास्त फरकाची. कारण ही सवलत दिवसा घरी असणाऱ्याला जास्त मिळते. घरी शिलाई करणारी ताई, घरून काम करणारा मुलगा, पापड-मसाल्याचा घरगुती व्यवसाय, दुपारी चार्ज होणारी इलेक्ट्रिक स्कूटर, यांना फायदा जास्त. स्कूटरची बॅटरी 3 युनिटची असेल तर चार्जिंगमधली घट धरून साडेतीन युनिट लागतील. महिन्यातून वीस वेळा दुपारी चार्ज केली तर 70 युनिट, 56 रुपये.

इथे दोन गैरसमज दूर करू.

पहिला. दुपारी वीज स्वस्त म्हणून एसी जास्त चालवला, तर बचत होत नाही. सवलत 80 पैशांची आहे आणि युनिटला तुम्ही त्याच्या कितीतरी पट पैसे भरता. जे काम करायचंच आहे, ते दुपारी सरकवलं तरच फायदा. नवीन वापर वाढवला तर तोटाच.

दुसरा गैरसमज स्लॅबचा. वापर दुपारी नेल्याने युनिट कमी होत नाहीत, वेळ बदलते. 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे, हे टप्पे नव्या मीटरवरही तसेच राहतात. वरच्या टप्प्यात गेलात तर सगळ्या युनिटना वरचा दर लागत नाही, फक्त वरच्या युनिटना लागतो. पण शंभर आणि तीनशेच्या पुढे दराची उडी मोठी असते. म्हणून दहा-वीस युनिटने टप्पा ओलांडत असाल, तर आधी ते युनिट वाचवा. जुना पंखा बदलला, गिझर वेळेवर बंद केला, तर टीओडी सवलतीपेक्षा जास्त रुपये वाचतात. सवलत ही वरची साय आहे. दूध म्हणजे वापर कमी करणं.

मग बिल वाढलं असं लोक का म्हणतात?

ही तक्रार आम्ही खूप ऐकली आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. कारणं समजून घेऊ.

एक, जुनी चकती. वर्षानुवर्षं फिरून तिचे टेकू झिजतात, धूळ बसते, ती मंद होते. शिवाय अगदी थोड्या करंटला ती हलतच नाही. सेट टॉप बॉक्स, वायफाय, भिंतीत लावून ठेवलेले चार्जर, झिरोचा दिवा, हे तिला दिसायचे नाहीत. इलेक्ट्रॉनिक मीटर यांतला जवळजवळ प्रत्येक वॉट टिपतं. म्हणजे नवं मीटर 'फास्ट' असतंच असं नाही. बऱ्याचदा जुनं स्लो असतं.

दोन, वायरिंग. हे कारण कुणी सांगत नाही, म्हणून नीट ऐका. नवं सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरींतला करंट बघतं आणि दोन्हींत फरक आला, तर जो जास्त असेल त्यावर बिल करतं. चोरी पकडायला हे केलं आहे. पण जुन्या चाळीत, वाड्यात, दोन भावांच्या वाटणीच्या घरात न्यूट्रल एकमेकांत मिसळलेला असतो. इन्व्हर्टर बसवताना मिस्त्रीने दुसऱ्याच मीटरचा न्यूट्रल जोडलेला असतो. चकतीला ते कळत नव्हतं. नव्या मीटरवर शेजाऱ्याचा वापर तुमच्या बिलात येऊ शकतो. म्हणून मीटर बदलण्याआधी लायसन असलेल्या वायरमनकडून न्यूट्रल वेगळा आहे का आणि अर्थिंगमध्ये करंट गळतोय का, एवढं तपासून घ्या.

तीन, बदलाचा महिना. कधी जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग अंदाजे टाकलं जातं, कधी दोन मीटरचे युनिट एकाच बिलात येतात आणि दिवस जास्त धरले जातात. त्यासाठी पुरावा तुमच्या हातात हवा.

मीटर बदलायला माणूस आला, तर

आधी ओळखपत्र बघा. जुन्या मीटरचा फोटो काढा, शेवटचं रीडिंग आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसले पाहिजेत. नव्या मीटरचाही तसाच फोटो, सुरुवातीच्या रीडिंगसकट. मीटर बदलीच्या अहवालावर दोन्ही आकडे लिहिलेत का ते वाचा आणि मगच सही करा, प्रत मागून घ्या. महावितरण या मीटरसाठी ग्राहकाकडून पैसे घेत नाही, त्यामुळे चहापाण्याच्या नावाने कुणाच्या हातावर काही ठेवू नका.

नवं मीटर बसल्यावर एक साधी परीक्षा घरीच करता येते. मीटरवर 3200 इम्पल्स प्रति युनिट असं काहीसं छापलेलं असतं. म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. आधी घरातलं सगळं बंद करा, प्लगसुद्धा काढा. दिवा लुकलुकायला नको. लुकलुकला तर वायरिंगमध्ये गळती आहे. मग पाणी तापवायचा 1000 वॉटचा हीटर पाण्याच्या बादलीत ठेवून तेवढाच चालू करा. मिनिटाला साधारण 53 वेळा दिवा लागला पाहिजे. व्होल्टेजप्रमाणे थोडं इकडे-तिकडे होईल. पण 53 च्या जागी 80 आले, तर तक्रार करायला कारण आहे. आणि हो, हीटर चालू असताना पाण्यात हात घालू नका.

तक्रार केल्यावर काय? केंद्राच्या नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये एक चांगली दुरुस्ती झाली. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, तर कंपनीने पाच दिवसांत सोबत दुसरं मीटर लावून किमान तीन महिने दोन्हींची पडताळणी करायची आहे. ही मागणी लेखी करा, पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*नवं मीटर म्हणजे प्रीपेडच ना? पैसे संपले की रात्री अंधार?*

हा गोंधळ होण्याचं कारण आहे. केंद्राची मूळ योजना प्रीपेड स्मार्ट मीटरची होती. विरोध झाल्यावर जून 2024 मध्ये राज्य सरकारने सामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. आता महावितरण घरोघरी जी टीओडी मीटर लावते, त्यांचं बिल नेहमीसारखं महिन्याच्या शेवटी येतं.

*आमचा वापर मंजूर भारापेक्षा जास्त असेल तर नवं मीटर पकडेल. दंड होईल?*

2023 च्या दुरुस्तीत याचं उत्तर आहे. स्मार्ट मीटरने नोंदवलेल्या जास्त मागणीवरून मीटर बसण्याआधीच्या काळासाठी दंड लावायचा नाही. आणि एका आर्थिक वर्षात निदान तीन वेळा मंजूर भार ओलांडला, तरच तो वाढवायचा.

*आज सवलत देतात, उद्या संध्याकाळी जादा दर लावतील. तेव्हा काय?*

हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. केंद्राच्या नियमात गर्दीच्या वेळेसाठी इतर ग्राहकांना नेहमीच्या दराच्या किमान 1.1 पट दर ठेवण्याचीही तरतूद आहे. आपण ज्या सवलतीबद्दल बोललो, ती दिवसाच्या वापरावरची सवलत आहे. पण वेळ सांगणारं मीटर एकदा भिंतीवर आलं, की ते दुपारची वेळ सांगतं तशी संध्याकाळचीही सांगू शकतं. संध्याकाळी सातला पोळ्या लाटणाऱ्या, मुलांचा अभ्यास घेणाऱ्या घराने आपला वापर दुपारी न्यावा कसा?

याचं उत्तर मीटर नाकारण्यात नाही. दर मीटर ठरवत नाही, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. आणि तो ठरवण्याआधी कायद्याने लोकांकडून सूचना-हरकती मागवाव्या लागतात. आयोगाच्या जनसुनावणीला उद्योगांचे वकील येतात, पुण्याच्या प्रयाससारख्या संस्था अभ्यास करून येतात. घरगुती ग्राहक मात्र क्वचितच दिसतो. तुमच्याकडे आता अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वापराची नोंद असणार आहे. संध्याकाळचा आमचा वापर चैनीचा नाही, गरजेचा आहे, हे आकड्यांनिशी सांगता येईल. आजवर ही माहिती फक्त अंदाजाने सांगावी लागायची.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. तुमचं घर पहिलं की दुसरं, ते ठरवा. दिवसा किती युनिट जात असतील याचा अंदाज घ्या आणि 80 पैशांनी गुणा. येणारा आकडा पन्नास असो की दीडशे, तो तुमचा स्वतःचा असेल, ऐकीव नसेल. मग वायरिंग तपासा आणि मीटरवाल्याला दार उघडा.